शंकासरांची पिशवी

आमचे शंकासर चिकू घ्यायला उभे राहिले की विकणारी बाई आधीच वैतागायची. वरचे चकचकीत चिकू त्यांनी आयुष्यात कधी घेतले नसतील. ते डोळे मिटायचे, तोंड दुसरीकडे वळवायचे आणि हात कोपरापर्यंत टोपलीत खुपसून तळातला एक, मधला एक, कडेचा एक असे पाच चिकू बाहेर काढायचे. ते पाच दाबून, हुंगून झाले की म्हणायचे, "ठीक दिसतात. द्या दोन किलो." बाई म्हणायची, "मास्तर, चिकू घेताव का टोपलीची झडती?" सर म्हणायचे, "वरचे चिकू तुम्ही मला दाखवायला ठेवलेत. मला न दाखवायचे बघायचे होते." भर बाजारात हे संभाषण चालायचं आणि त्यांच्या मागे पिशवी धरून उभ्या असलेल्या काकू पदराने तोंड झाकून घ्यायच्या.

पालघरच्या कॉलेजात ते आम्हाला बी.एस्सी.ला संख्याशास्त्र शिकवायचे. त्यांचं खरं नाव वेळापत्रकावर होतं, पण ते कुणी घ्यायचं नाही. कधीपासून कुणास ठाऊक, ते शंकासरच होते. भिंतीवरचं घड्याळ बघितलं तरी ते दोघांना वेळ विचारायचे. एस.टी. स्टँडवरच्या पाटीवर त्यांचा विश्वास नव्हता, कंडक्टरवर तर मुळीच नव्हता. काकू सांगायच्या की आमटीची चव घ्यायची असली तर सर आधी पळी तळापर्यंत नेऊन तीन वेळा ढवळतात आणि मग थेंबभर हातावर घेतात. "लग्नाला तीस वर्षं झाली," काकू म्हणायच्या, "पण मी न ढवळता चव घेतली की अजून म्हणतात, तुझं मीठ वरवरचं आहे."

त्यांची खरी दहशत होती ती पिशवीची. काकूंनी जुन्या पडद्याच्या हिरव्या कापडाची शिवलेली, तोंडाला नाडी असलेली मूठभर पिशवी. तिच्यात हाऊजीच्या खेळातल्या नंबर लिहिलेल्या लाकडी सोंगट्या. आमच्या वर्गात बासष्ट जण, म्हणून एक ते बासष्ट सोंगट्या. सर प्रश्न विचारायचे, पिशवी हलवायचे, एक सोंगटी काढायचे. ज्याचा नंबर त्याने उभं राहायचं. उत्तर आलं की सोंगटी परत पिशवीत आणि पुन्हा हलवाहलव. म्हणजे एकदा बोलून झालं म्हणून सुटका नाही. पिशवी खिशातून बाहेर आली की मागच्या बाकावरची मोठमोठी माणसं गोगलगाय व्हायची. नावाने ते कुणालाच हाक मारायचे नाहीत. मी सदतीस. आजही कुणी रस्त्यात सदतीस म्हटलं तर मी मागे वळून बघते.

सरासऱ्यांचा धडा त्यांनी शिकवला तो दिवस मला लख्ख आठवतो. त्यांनी मिठाईचा एक रिकामा खोका आणला होता, आत चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांवर आकडे. प्रत्येकाने यायचं, न बघता पाच चिठ्ठ्या काढायच्या, पाचांची सरासरी काढायची, चिठ्ठ्या परत टाकायच्या आणि फळ्यावर त्या सरासरीच्या जागी एक ठिपका द्यायचा. तास संपेपर्यंत फळ्यावर ठिपक्यांचा ढीग उभा राहिला. मधे उंच, कडेला विरळ. चिठ्ठ्यांवरचे आकडे पार इकडून तिकडे पसरलेले होते, पण ठिपके मधे दाटीवाटीने बसले होते. मला तर ती जादूच वाटली.

सर म्हणाले, "एकटा आकडा म्हणजे एकटा माणूस. काहीही बोलेल. पाच जणांना एकत्र बसवलं की टोकाचं बोलणं कमी होतं, कारण एक ओरडला तर दुसरा गप्प बसवतो. पण पाच जण पाचपट शहाणे होत नाहीत. पाचाचं वर्गमूळ, म्हणजे सव्वादोनपटच. तेव्हा सरासऱ्यासुद्धा थोड्या इकडेतिकडे हलल्याच पाहिजेत. किती हलायच्या, तेही आधी सांगता येतं." मी आगाऊपणे हात वर केला. म्हटलं, "सर, सगळ्या सरासऱ्या सारख्याच आल्या तर चांगलंच की!" सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "सदतीस, पाच-पाच जणांच्या चाळीस टोळ्या आल्या आणि सगळ्या एका सुरात बोलायला लागल्या, तर समजायचं की आधी कुणीतरी शिकवून पाठवलंय." वर्ग हसला. मीही हसले. मला काय माहीत, दोन महिन्यांनी त्या टोळ्या माझ्याच वहीतून निघणार होत्या!

झालं असं की प्रात्यक्षिकाच्या वहीसाठी प्रत्येकाने स्वतः काहीतरी मोजून आणायचं होतं. एकेका नमुन्यात पाच वस्तू, असे चाळीस नमुने. कुणी आंब्याची पानं मोजली, कुणी खडे, वाणगावच्या एकीने मिरच्या मोजल्या आणि दोन दिवस डोळे चोळत बसली. मी एडवणची. आमच्या घरी मोजायला काय कमी? आई सफाळ्याच्या बाजारात ओले बोंबील विकायची. सकाळी माल आला की मी फळीवर फूटपट्टी ठोकून बसायचे आणि पाच-पाच बोंबील उचलून लांबी मांडायचे. दोन सकाळी, दोनशे बोंबील. हात बधिर झाले, वहीला वास लागला, पण एकही आकडा मी मनाचा घातला नाही. सगळ्यात छोटा बोंबील सतरा सेंटिमीटर भरला, सगळ्यात मोठा एकतीस. सरासऱ्या काढल्या आणि मी खूश झाले. सगळ्या चोविसाच्या आसपास, एकीने इकडचा पाय तिकडे टाकला नव्हता. मला वाटलं, शंकासर पाठ थोपटतील.

सरांनी वही उघडली, वास आला म्हणून नाक मुरडलं, आणि मग पानावर बोट फिरवता फिरवता त्यांचं बोट थांबलं. पुन्हा वरून खाली फिरवलं. मग भर वर्गात त्यांनी विचारलं, "सदतीस, हे कुठे मोजलंस?"

"घरी, सर. ओसरीवर."

"मोजलंस?"

"हो सर."

"बोंबील इतके गुणी नसतात."

वर्गात खसखस पिकली. माझे कान तापले. सर शांतपणे म्हणाले, "एकेक बोंबील सतरापासून एकतीसपर्यंत पसरलेला. मग पाचांची सरासरी कधी बावीस यायला हवी, कधी सव्वीस, एखादी एकवीससुद्धा. तुझ्या चाळीसच्या चाळीस साडेतेवीस आणि साडेचोवीसच्या मधे. चुकूनही एक बाहेर नाही. खोटं लिहिणाऱ्याला नेमकं हेच कळत नाही. तो आकडे फार शहाण्यासारखे वागवतो." आणि लाल पेनने त्यांनी पानाच्या खाली लिहिलं: 'आकडे शंकास्पद. घरी बसून लिहिले आहेत.' सही केली नाही.

सही नाही म्हणजे वही अपुरी, आणि वही अपुरी म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही. दुसऱ्या कुणाचं वर्ष गेलं तर तो पुढच्या वर्षी बसला असता. माझं तसं नव्हतं. आमच्या घरी थोरल्या काकांचा शब्द चालायचा, आणि त्यांनी आईला निक्षून सांगितलं होतं, "या वर्षी पास झाली तर बोईसरला नोकरीला जाऊ दे. नापास झाली तर घरात बसव, स्थळ मी बघतो." माझ्या आधी घरातली एकही मुलगी बारावीच्या पुढे गेलेली नव्हती. ते लाल अक्षर मी आईला दाखवलं नाही. तिला वाचता आलं नसतंच, पण माझं तोंड वाचता आलं असतं. म्हणून मी आठवडाभर तिच्यासमोर जेवलेच नाही.

वर त्याच आठवड्यात ती पिशवी माझ्या मागे हात धुऊन लागली. सोमवारी सदतीस. मंगळवारी सदतीस. बुधवारी दोनदा सदतीस! बासष्ट जणांच्या वर्गात चार वेळा मीच? संख्याशास्त्र मी शिकत होते, मला काय एवढंही कळत नव्हतं? या माणसाने पिशवीत माझ्या नंबरच्या सोंगट्या भरून ठेवल्यात याची मला खात्री झाली. दरवर्षी कितीतरी मुलं घरी बसून आकडे लिहितात, त्यांना हा माणूस काही बोलत नाही, आणि कोळ्याची मुलगी दिसली की बरोबर पकडतो, असंही मी मैत्रिणींना सांगितलं. रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतं.

बुधवारी दुसऱ्यांदा नंबर आला तेव्हा मी उभी राहिले आणि उत्तराऐवजी म्हटलं, "सर, पिशवीत माझ्या सोंगट्या जास्त आहेत." बाहेर शिपाई बादली घासत होता, तेवढाच आवाज. मला वाटलं आता हाकलणार. सरांनी पिशवी माझ्यासमोर बाकावर ठेवली. म्हणाले, "असतील. शंका आली ना? मोजून बघ. मोजायची नसेल तर गिळून टाक. पण न मोजता अशी तोंडात धरून हिंडू नकोस." मी त्या पिशवीकडे बघितलंही नाही. कशाला बघू? माझे दोनशे बोंबील त्यांनी मोजले होते का? मी मान फिरवून बसले. ती पिशवी तेव्हाच मोजली असती तर! पण तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

रविवारी सकाळी मी ओसरीवर केस विंचरत होते आणि बघते तर समोरून शंकासर! पायजमा, झब्बा, खांद्याला शबनम, हातात फूटपट्टी. एस.टी.तून उतरून, तीन ठिकाणी माझं घर विचारून आले होते. एकाने सांगितलेलं पुरलं नसणार. माझ्या हातातला कंगवा खाली पडला. आई माल निवडत होती, तिने पदर सावरला. "या मास्तर, बसा. आमच्या पोरीनं काय केलंन?"

"काही नाही, बाई. मला तुमचे बोंबील बघायचेत. बाजारात लावता तसे वाटे लावून दाखवाल?"

आईला वाटलं, गिऱ्हाईक आहे. तिने निळं प्लास्टिक पसरलं आणि हात चालू केले. आईचे हात बघण्यासारखे असायचे. एक मोठा बोंबील टाकला की दुसरा बारका, मग दोन मधले, वर एक जरा बरा. पाचांचा वाटा. शेजारी दुसरा, तिसरा. ती गप्पा मारत होती, कावळे हाकलत होती, हातांकडे बघतही नव्हती. सरांनी उकिडवं बसून प्रत्येक बोंबील फूटपट्टीला लावला आणि शबनममधून कागद काढून आकडे लिहिले. आठ वाटे. आठही सरासऱ्या चोविसाला चिकटलेल्या. सर कागदाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांच्या डोळ्यांत शंका दिसली नाही, आणि तेच मला जास्त भीतिदायक वाटलं.

"आता तू. डोळे मिट आणि पाच उचल."

मी डोळे मिटले. पाच उचलले. सरासरी चोवीस. पुन्हा उचलले. सव्वाचोवीस! सर म्हणाले, "डोळे मिटलेत, पण हात उघडे आहेत." आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. हाताला मोठा लागला की दुसऱ्या खेपेला बोटं आपोआप बारका चाचपत होती. मी नमुना उचलतच नव्हते. मी वाटा लावत होते. सहा वर्षांची असल्यापासून आईच्या शेजारी बसून लावत आले, तसाच. माझ्या हातांना दुसरं काही येतच नव्हतं.

मग सरांनी खिशातून ती हिरवी पिशवी काढली. बासष्ट बोंबील दहा-दहाच्या ओळीत मांडायला लावले, सोंगटी काढली, आकडा म्हटला, तो बोंबील बाजूला. अशा पाच सोंगट्या, पाच बोंबील. पहिल्या खेपेला निघाले सगळे बारके, सरासरी साडेएकवीस. दुसऱ्या खेपेला तीन धिप्पाड, सव्वीसच्या वर. आई कमरेवर हात ठेवून हा खेळ बघत होती. तिला राहवेना. "मास्तर, ह्यो काय वाटा झाला? एकीच्या पदरात सगळं मोठं नि एकीला सगळं बारकं? अशानं माज्यासमोर कुत्रं तरी उभं राहील का? आमी असा वाटा कदी लावत नाय!"

"तेच बघायला आलो होतो, बाई," सर म्हणाले. "तुमचा वाटा न्यायाचा आहे. मला अन्यायाचा हवा होता."

आईला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण एवढं कळलं की हा माणूस काहीतरी तपासायला आला होता. तिने माझ्याकडे बघितलं, मी रडायला लागले आणि सगळं बाहेर आलं. मग काय विचारता! आई सरांवर जी घसरली, ती शेजारच्या चार ओसऱ्या बाहेर येईपर्यंत. "माजी पोर खोटं लिवल? मेलेला बोंबील दोन दिवस मोजत बसली ती, माज्या बाजाराचा खोळंबा केलान, नि तुमी तिला खोटी म्हनता? शिकलेली मानसं तुमी, आदी येऊन बघायचं, मग बोलायचं!" सर उकिडवे बसूनच ऐकत होते. म्हणाले, "बरोबर आहे, बाई. उलटं केलं मी. आधी यायला हवं होतं."

त्यांनी वही मागितली. उलट्या टोपलीवर ठेवून 'घरी बसून लिहिले आहेत' या शब्दांवर एक सरळ रेघ मारली, बाजूला तारीख घातली, खाली सही केली. 'आकडे शंकास्पद' मात्र तसंच ठेवलं. मी नाक ओढत म्हटलं, "सर, तेही खोडा ना." "ते का? आकडे शंकास्पदच आहेत. शंका आली म्हणून तर आलो." असा तो माणूस! आईने शेवटी एक वाटा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिला, आणि तुम्हाला काय वाटतं, सरांनी तो तसाच घेतला? पिशवी उलटी करून तळाचा बोंबील बघितला. आई हताश होऊन म्हणाली, "जाऊ दे. खोडच हाय."

सोमवारी वर्गात त्यांनी पिशवी काढलीच नाही. उभं राहून म्हणाले, "सदतीसला मी तुमच्यासमोर खोटी म्हटलं, म्हणून तुमच्यासमोर सांगतो. तिने प्रत्येक बोंबील मोजला होता. आजवर ज्यांनी मला फसवलं त्यांच्यावरून मी तिचं अनुमान काढलं. शंका घ्यायला काही लागत नाही, बसल्या जागी घेता येते. ती फेडायला एस.टी.त बसावं लागतं. मी आठ दिवस उशिरा बसलो." मग खडू घेऊन त्यांनी फळ्यावर दोन ढीग काढले, एक वाट्यांचा अरुंद, एक सोंगट्यांचा रुंद, आणि पुढचा तास तेवढ्यावर घेतला. मी पास झाले. काकांनी स्थळाचं नाव काढलं नाही.

बोईसरला औषधी पावडरची पाकिटं भरणाऱ्या एका कंपनीत मी तपासणीच्या खोलीत लागले, तिथेच अजून आहे. काही वर्षांनी तिथे एकदा असं झालं की एका लाइनवरून येणाऱ्या पाकिटांची वजनं फार गोड यायला लागली. पाच-पाच पाकिटांच्या सरासऱ्या, सगळ्या एका ओळीत. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, वो शेवंती बैठे-बैठे लिखती है. कल से मत बुलाओ." शेवंतीबाई जव्हारच्या बाजूची. पाऊस असला की डोंगरावर आपली भातशेती करायची, एरवी आमच्याकडे कंत्राटावर पाकिटं तोलायची. तिची रोजी माझ्या एका सहीवर होती. पेन मी उघडलंही होतं. मग त्या उलट्या टोपलीची आठवण झाली आणि मी पेन बंद करून खाली गेले.

खांबाआड उभी राहून बघितलं. शेवंतीबाई खोटं काहीच लिहीत नव्हती. मशीनवरून येणारं पाकीट ती हातात घ्यायची, तोलायची, चेपलेलं, हलकं किंवा जड वाटलं की बाजूला सारायची, आणि बरी बरी पाच पदराने पुसून काट्यावर ठेवायची. मी पुढे होऊन विचारलं तर लाजून म्हणाली, "मॅडमकडं चांगलंच न्यावं ना. पाव्हन्याच्या ताटात कोन तुटका पापड वाढतो?" बाजूला सारलेली पाकिटं तोलली तेव्हा कळलं की मशीनच कमी-जास्त भरतंय. मशीन दुरुस्त झालं. शेवंतीबाईला मी नंबर लावून पाकीट उचलायला शिकवलं. ती अजून आहे, आणि अजूनही चेपलेलं पाकीट देताना तोंड वाकडं करते.

हे सांगायला मी मोठ्या तोऱ्यात पालघरला सरांच्या घरी गेले. ते तेव्हा निवृत्त झाले होते. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती वेळा खाली गेलीस?" मी म्हटलं, "एकदा." "एकदा? एकदा बघून ती रोज तेच करते म्हणालीस?" काकू आतून ओरडल्या, "अहो, कौतुक करा जरा पोरीचं!" सर म्हणाले, "करतो. अजून चार वेळा जाऊन येऊ दे." मी गेले, हे वेगळं सांगायला नको.

गेल्या वर्षी त्यांचं दुखणं निघालं तेव्हा त्यांनी तीन वेगवेगळ्या ठिकाणी रक्त दिलं. एकाला दुसऱ्याचं सांगितलं नाही. मी भेटायला गेले तर तिन्ही कागद पलंगावर पसरलेले. मला वाटलं, आता कोणत्या तरी लॅबवर घसरणार. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवले. तिन्ही आकडे थोडे थोडे इकडेतिकडे होते, पण फार नाही. "अगदी एक आले असते तर मी मानलं नसतं," ते म्हणाले. "हे जेवढे हलायला हवेत तेवढेच हलतात. खरे आहेत, सदतीस." त्या माणसाने जन्मात एवढ्या पटकन कशावर विश्वास ठेवला नव्हता.

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी काकूंनी मला बोलावून घेतलं. चहा ठेवण्याआधी कपाटातून ती हिरवी पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली. "तुमच्या वर्गानंतर त्यांनी यातल्या सोंगट्या कधी बदलल्या नाहीत. दुसऱ्या वर्गांसाठी नवी पिशवी शिवून घेतली माझ्याकडून. मी विचारलं, ही का ठेवलीत? तर म्हणाले, हिच्यावर एकीची शंका बाकी आहे." काकूंनी ओल्या फडक्याने समोरची फरशी पुसली. "म्हणाले होते, ती आल्या आल्या मोजेल. तिला जागा करून दे."

मी खाली बसले आणि नाडी सोडली. सोंगट्या ओतल्या. बोंबील मांडले होते तशा दहा-दहाच्या ओळी लावत गेले. सहा ओळी, वर दोन. एक ते बासष्ट, प्रत्येक नंबर एकदाच. सदतीस चौथ्या ओळीत होती, एकटी, कडा झिजलेली.

"फिटली का गं शंका?" काकूंनी विचारलं.

मी नुसती मान डोलावली आणि सोंगट्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या, कारण वर बघितलं असतं तर रडू आवरलं नसतं.